वरळीच्या बोअरमध्ये निघालेला 'भाजलेला' दगड : शिलारस शेजारच्या खडकाचं नक्की काय करतो?

चाळकरी | सोमवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. आमची वरळीची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे (सहा वर्षं झाली, जातेच आहे, त्याचा वेगळा धागा काढीन). गेल्या आठवड्यात एकदाचे सॉइल टेस्टिंगवाले आले, बोअर मारले, आणि दगडाच्या लांब लांब कांड्या लाकडी खोक्यात ओळीने लावून आमच्या जुन्या कॅरमच्या खोलीत ठेवल्या. मी कमिटीत असल्यामुळे चावी माझ्याकडे, म्हणून रोज जाऊन बघतो.

वर भराव आणि माती. मग राखाडी-मातकट, पाटीसारखे पापुद्रे निघणारा खडक, नखाने खरवडला तरी भुगा पडतो. मग साधारण सहा मीटर काळा कुळकुळीत दगड, आणि त्याच्या खाली पुन्हा तोच पापुद्र्यांचा. गंमत म्हणजे काळ्या दगडाला लागून असलेला पापुद्र्यांचा खडक भुसभुशीत नाही, चांगला टणक आहे आणि रंगानेही गडद. साइटवर आलेला जिओलॉजिस्ट मुलगा म्हणाला, "काका, हा बेक झालाय." एवढं बोलून तो चहा प्यायला गेला तो गेलाच.

आता प्रश्न असा की हा काळा दगड म्हणजे गोठलेला शिलारस (जमिनीखालचा वितळलेला खडक) असेल, तर हजार-अकराशे डिग्रीचा रस शेजारी येऊन बसल्यावर खडक वितळायला हवा ना? नुसता भाजून कसा राहिला? आणि हे जमिनीत खूप खोल होतं तेव्हाही असंच होतं का? मुलगा सातवीत आहे, त्याला मी उत्तर देतो म्हणून सांगून बसलोय.

नील_अंधेरी

सहा वर्षांत सभासद भाजून निघाले असतील, दगडाचं काय घेऊन बसलात.

शिळा_सप्तमी

शाळेत होतं की हे. अग्निजन्य, गाळाचे, रूपांतरित. उष्णता आणि दाब यामुळे चुनखडीचा संगमरवर होतो, वालुकाश्माचा क्वार्टझाइट, शेलची (चिखलापासून झालेल्या पापुद्र्यांच्या खडकाची) स्लेट. मकराण्याचा संगमरवर असाच शिलारसाने भाजून झालाय, ताजमहाल त्याचाच.

खडूस_काका

शिळाताई, पाठांतर चांगलं आहे पण मकराण्याचं चुकलं. तो अरवलीतला, डोंगर घडताना अख्खा प्रदेशच दाबला आणि तापला त्यातून झालेला. तिथे कोणी एक रसाचा गोळा शेजारी येऊन बसला नव्हता. भाजलेला दगड बघायचा तर आपल्या अंधेरीचा गिल्बर्ट हिल बघा, एवढे उभे खांब उष्णतेनेच तयार झालेत.

दगडफोड्या

काका, मकराण्याबद्दल शंभर टक्के बरोबर, गिल्बर्ट हिलबद्दल नाही :) ते खांब म्हणजे बेसॉल्ट थंड होताना आकसला आणि तडकला, तळ्यातला चिखल वाळताना भेगाळतो तसा. खडक तोच राहिला, रूपांतर काही झालेलं नाही. साधारण सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा अग्निजन्य खडक आहे तो आणि आजही अग्निजन्यच.

चाळकरी, मी बोगद्यांच्या कामावर असतो, कांड्या मोजणं हाच पोटापाण्याचा धंदा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वितळला का नाही, तर साधा हिशोब बघा. गरम खडक आणि गार खडक एकमेकांना चिकटले की चिकटलेल्या जागी तापमान दोघांच्या मधोमध कुठेतरी येतं. रस ११०० डिग्री, शेजारचा चिखलाचा खडक ३० डिग्री, तर भिंतीशी ५५०-६०० च्या आसपास. रस गोठताना आणखी उष्णता सोडतो त्यामुळे थोडं वर सरकेल, पण तेवढ्याने शेल वितळत नाही, आणि भिंतीपासून लांब जाल तसं भराभर उतरतं. वितळत नाही पण आतले कण बदलतात. चिकणमातीच्या कणांत जे पाणी बांधलेलं असतं ते सुटतं, जुनी खनिजं मोडतात, त्याच मालमसाल्यातून नवी खनिजं घन अवस्थेतच वाढतात. पापुद्रे पुसले जातात आणि दगड घट्ट, बारीक दाण्याचा होतो. त्याला हॉर्नफेल्स म्हणतात, जर्मन शब्द, शिंगासारखा कडक म्हणून.

दुसरं म्हणजे वेळ. रसाच्या थराची जाडी दहापट झाली की थंड व्हायला शंभरपट वेळ लागतो. रसाची एक मीटर जाड भिंत दहा-बारा दिवसांत निवते, दहा मीटरची तीनेक वर्षं घेते, एक किलोमीटरचा गोळा असेल तर तीस हजार वर्षं धरा. ढोबळ आकडे आहेत. तुमचा सहा मीटरचा म्हणजे साधारण वर्षभर धगधगला. म्हणून डाइकच्या (फटीत उभ्या घुसून गोठलेल्या रसाच्या भिंतीच्या) कडेला भाजलेला पट्टा वीतभर ते मीटरभर असतो आणि ग्रॅनाइटच्या मोठ्या गोळ्याभोवती तोच काही किलोमीटर रुंद.

आता मला सांगा, काळ्या दगडाच्या वरचा पापुद्रा टणक आहे की फक्त खालचा? यावर बरंच काही आहे.

कुंदा_मावशी

माझं सासर वासिंदकडचं, घरची वीटभट्टी होती, त्यामुळे दगडफोड्या भाऊंचं वाचून एकदम भट्टीच डोळ्यासमोर आली. आमच्याकडे कच्च्या विटा रचायच्या, मधे कोळशाची भुकटी आणि तूस, आणि मग आठ-दहा दिवस ती जळत राहायची. उघडली की अगदी बाहेरच्या कडेच्या विटा फिक्या, पावसात ठेवल्या तर चिखल होतील अशा. आतल्या लाल. आणि अगदी जाळाला लागून असलेल्या वितळून एकमेकींना चिकटलेल्या, काळ्यानिळ्या, त्याला खंगर म्हणतात. खंगर कोणी घेत नसे, आम्ही पायाच्या भरावात टाकायचो.

सासरे वीट घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासमोर दोन विटा एकमेकींवर आपटून दाखवायचे. खण्ण वाजली तर भाजली, भद्द वाजली तर कच्ची. चाळकरी, तुम्ही पण वाजवून बघा ना.

चाळकरी

मावशी एक नंबर. उद्या वाजवतो. वरच्या बाजूचं नीट बघितलं नाही, कारण तिथली एक कांडी खोक्यातून गायब आहे. लेबल आहे, दगड नाही.

दगडफोड्या

मावशींचा दाखला इतका चपखल आहे की मी तो साइटवर वापरणार. फिकी, लाल, खंगर, अगदी तस्संच वर्तुळ असतं गोळ्याभोवती. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये स्किडॉ नावाचा डोंगर आहे, खाली ग्रॅनाइट, तो फक्त दोन-तीन ठिकाणी डोकं वर काढतो. त्याच्याकडे चालत जाल तसं साध्या स्लेटवर आधी ठिपके दिसायला लागतात, पुढे काड्यांसारखे स्फटिक, आणि जवळ पोचलात की पक्का हॉर्नफेल्स. त्या काड्यांना कायस्टोलाइट म्हणतात, आडवी कापली की आत काळा क्रॉस दिसतो, कार्बनचा. युरोपात यात्रेकरू ताईत म्हणून घालायचे.

आणि वाजवण्याचं म्हणाल तर त्याच भागातल्या हॉर्नफेल्सच्या लाद्या जुळवून लोकांनी वाद्य केलंय, केझिकच्या म्युझियममध्ये ठेवलंय. जलतरंग असतो ना, तसं दगडतरंग.

पोपटीप्रेमी

मला विटेचा दाखला अर्धाच पटला. वीट कोरडी भाजते. जमिनीखाली तर सगळं ओलं असणार. आमच्या अलिबागकडे थंडीत पोपटी लावतात, मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, तोंड बंद करून मडकं उलटं घालायचं आणि भोवती जाळ. पाण्याचा थेंब घालत नाहीत तरी आतला ऐवज स्वतःच्याच ओलाव्यात शिजतो आणि पाल्याचा वास थेट बटाट्याच्या गाभ्यात पोचतो. खडकाचं तसं होत नसेल का?

नील_अंधेरी

धागा वरळीहून निघाला, वासिंद घेऊन अलिबागला पोचला. पुढचं स्टेशन मसाले.

दगडफोड्या

पोपटीप्रेमी, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत आणि मी माझ्या प्रतिसादात हे सोडून दिलं होतं. पाण्याशिवाय हा खेळ फार हळू चालतो. खडकाच्या फटीतलं पाणी, खनिजांतून सुटलेलं पाणी, आणि ग्रॅनाइटचा रस गोठताना शेवटी शेवटी जे पाणी बाहेर टाकतो ते, हे सगळं गरम होऊन फिरतं आणि माल इकडून तिकडे नेतं. शेजारी चुनखडी असेल तर त्या पाण्याबरोबर आलेली सिलिका, लोह वगैरे तिच्यात मुरतं आणि गार्नेट, वोलास्टोनाइट असली नवी खनिजं तयार होतात. त्याला स्कार्न म्हणतात. जगातलं बरंचसं टंगस्टन आणि काही ठिकाणचं तांबं अशाच खडकांतून येतं. म्हणजे विटेत माल तोच राहतो फक्त भाजतो, पोपटीत पाल्याचा वास बाहेरून आत शिरतो. दोन्ही प्रकार होतात.

खडूस_काका

मग मला एक सांगा. चुन्याची भट्टी मी लहानपणी बघितली आहे. चुनखडी टाकली, ९०० डिग्रीपर्यंत तापली की कळीचा चुना, पाणी घातलं की फसफसतो. मग रसाशेजारच्या चुनखडीचा सरळ चुनाच व्हायला हवा. संगमरवर कुठून आला? उगाच पुस्तकात छापलंय म्हणून मानायचं का?

अर्धवट_इतिहासकार

काका, हाच आक्षेप दोनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमध्ये घेतला गेला होता, तुम्ही चांगल्या संगतीत आहात.

जेम्स हटन म्हणून एक स्कॉटिश भूवैज्ञानिक होता, तो १७८५ मध्ये ग्लेन टिल्ट नावाच्या दरीत गेला आणि तिथे तांबूस ग्रॅनाइटच्या शिरा जुन्या काळपट खडकात घुसलेल्या त्याला सापडल्या. म्हणजे ग्रॅनाइट नंतर आला, तोही पातळ गरम अवस्थेत. त्या काळी सगळे खडक पाण्यातून साचले असं मानणारे बरेच होते. ते म्हणाले, उष्णता असती तर चुनखडीचा चुना झाला असता, वायू उडून गेला असता. हटनचं म्हणणं, खोलवर दाब इतका असतो की वायू उडून जाणार कुठे? पण प्रयोग करायला तो तयार नव्हता. भट्टीत डोकावून पृथ्वी कळत नाही असं त्याचं मत.

त्याचा मित्र जेम्स हॉल. तो हटन वारेपर्यंत थांबला आणि मग चुनखडीची पूड बंदुकीच्या नळीत ठासून, तोंड पक्कं बंद करून भट्टीत घालायला लागला. नळ्या फुटल्या, भट्ट्या उडाल्या, शेकडो प्रयोग केले. शेवटी नळीतून चुना नाही, घट्ट दाणेदार संगमरवरासारखा दगड निघाला. वायूला जायला वाट नसली की चुनखडी चुनखडीच राहते, फक्त तिचे दाणे मोठे होऊन एकमेकांत अडकतात.

खडूस_काका

बंदुकीची नळी आवडली. मान्य.

शिळा_सप्तमी

काकांनी "मान्य" लिहिलंय, स्क्रीनशॉट काढून ठेवा कोणीतरी.

धनबादी_बाबू

उशिरा आलो. वडील झरियाला कोळशाच्या खाणीत होते, माझं बालपण धनबादचं, दहावीनंतर डोंबिवलीला आलो. तिकडे कोळशाच्या थरात मधेच असा रस घुसलेला आहे, डाइक (उभा) आणि सिल (थरांमधे आडवा) दोन्ही, डोलेराइट आणि अभ्रकवाला पेरिडोटाइट असे अग्निजन्य खडक. त्याच्या शेजारचा कोळसा भाजून गेलेला, त्यातला गॅस निघून गेलाय आणि राहिलाय तो नैसर्गिक कोक. खाणीतले लोक त्याला झामा म्हणतात. तिकडच्या भाषेत जास्त भाजलेल्या विटेलाही झामाच म्हणतात, म्हणजे मावशींचा खंगर. मी हे वाचताना चकित झालो कारण वडिलांना हा शब्द सतत वापरताना ऐकलाय पण विटेशी संबंध कधी लावला नव्हता.

झाम्यात बारीक बारीक खांब असतात, बोटाएवढे, अगदी गिल्बर्ट हिलची पिल्लं. वडिलांनी एक तुकडा घरी आणला होता तो वर्षानुवर्षं टीव्हीवर होता. खाणीसाठी मात्र डोकेदुखी, चांगला थर चाललाय चाललाय आणि एकदम झामा.

नील_अंधेरी

कोळसा भाजला तर गॅस निघतो म्हणता, तो गॅस जातो कुठे?

दगडफोड्या

वर. हवेत. हा प्रश्न तू गमतीत विचारलास पण हा मोठा विषय आहे. साधारण २५.२ कोटी वर्षांपूर्वी सायबेरियात आपल्या दख्खनसारखाच पण त्याहून मोठा उद्रेक झाला, त्यात नुसता लाव्हा वर आला नाही, भरपूर रस खाली कोळसा, मीठ, चुनखडीच्या थरांत आडवा पसरला. त्याच सुमाराला पृथ्वीवरचं सगळ्यात मोठं सामूहिक विलोपन झालं, म्हणजे बहुतेक जीवजाती नष्ट झाल्या. लाव्ह्यापेक्षा खाली भाजलेल्या थरांतून सुटलेल्या वायूंनी जास्त घात केला असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे.

नील_अंधेरी

म्हणजे मी गमतीत काहीच विचारू शकत नाही या धाग्यावर.

भटकंती_डॉट

घाटात दोन काळ्या थरांच्या मधे जो तांबडा पट्टा दिसतो, खंडाळ्याला रेल्वेतून पण दिसतो, तो पण वरच्या लाव्ह्याने भाजलेली मातीच ना? ट्रेकला मी सगळ्यांना तसंच सांगतो.

दगडफोड्या

अर्धं सांगा. तो लाल रंग सगळा भाजण्याचा नाही. बऱ्याच ठिकाणी दोन उद्रेकांच्या मधल्या काळात खालचा खडक किंवा राख ऊनपावसाने कुजून लाल माती झाली, आणि वरून नवा लाव्हा आला त्याने फक्त वरवरचा भाग शेकला. भाकरी टाकली तव्यावर आणि दुसरी बाजू उलटलीच नाही तसं.

आणि याच्यातच चाळकरींच्या प्रश्नाची किल्ली आहे. लाव्हा जमिनीवरून वाहिला असेल तर तो फक्त खालचं भाजणार. वरचा गाळ तो थंड झाल्यावर हजारो वर्षांनी येऊन बसतो, त्याला काही होत नाही. पण रस आधीच असलेल्या थरांच्या मधे आडवा घुसला असेल, म्हणजे सिल, तर वर आणि खाली दोन्हीकडे भाजणार.

मनीषा_ठाणे

विषय खोल आहे म्हणतात तो हाच. पण चाळकरींनी विचारलेलं "खूप खोल" मधेच राहून गेलं. मडकं, वीट हे सगळं वरवरचं झालं. पंधरा-वीस किलोमीटर खाली काय होतं?

दगडफोड्या

मनीषाताई, बरं आठवण केलीत. खाली जाताना किलोमीटरमागे साधारण २५-३० डिग्री वाढतात. पंधरा किलोमीटरवर खडक मुळातच ४०० च्या आसपास शेकत बसलेला असतो. आता तिथे ११०० चा बेसॉल्टचा रस आला तर मधोमधचा आकडा साडेसातशे होतो, आणि ओला शेल किंवा ग्रॅनाइटसारखा खडक साडेसहाशे-सातशेलाच वितळायला लागतो. म्हणजे चाळकरी, तुम्ही विचारलं होतं वितळत का नाही, तर खोलवर वितळतो. सगळा नाही, त्यातला लवकर वितळणारा भाग घाम फुटल्यासारखा निथळतो, बाकीचा काळपट चोथा राहतो, दोन्ही एकमेकांत वळणावळणाने मिसळलेले. त्याला मिग्मॅटाइट म्हणतात. किचनच्या ओट्याला बऱ्याचदा असला लाटालाटांचा दगड लावतात आणि दुकानदार त्याला सरसकट ग्रॅनाइट म्हणतो.

वर गरम-गार फरक मोठा, म्हणून भाजलेला पट्टा अरुंद आणि स्पष्ट, हात लावून दाखवता येतो. खोलवर फरक कमी, निवायला वेळ फार, त्यामुळे पट्टा रुंद आणि कडा पुसट, कुठे शिलारसाचं काम संपलं आणि कुठे डोंगर घडण्याच्या दाबातापाचं सुरू झालं हे सांगणं कठीण. त्यात दाब खनिजंही बदलतो. अँडालुसाइट, सिलिमनाइट आणि कायनाइट, तिघांचा मालमसाला एकच, फक्त अणूंची मांडणी वेगळी. कमी दाबाला अँडालुसाइट, जास्त तापमानाला सिलिमनाइट, जास्त दाबाला कायनाइट. साधारण पंधरा किलोमीटरपेक्षा खोल अँडालुसाइट टिकत नाही, म्हणून खडकात तो दिसला की हे भाजणं फार खोल झालेलं नाही हे कळतं. वर सांगितलेला क्रॉसवाला ताईत म्हणजे अँडालुसाइटच.

अर्धवट_इतिहासकार

भर : २००९ मध्ये आइसलंडला क्राफ्ला इथे गरम वाफेसाठी बोअर मारताना दोन किलोमीटरच्या जरा खाली ते चुकून थेट शिलारसात घुसले. ड्रिलचं बिट अडकलं आणि वर गोठलेल्या रसाच्या काचेचे तुकडे आले. रस साधारण ९०० डिग्रीचा होता. चाळकरींच्या बोअरवाल्यांना सांगू नका, एक्स्ट्रा लावतील.

चाळकरी | शुक्रवार, रात्री १०.२५

आलो. तीन दिवस खोलीत बसून वाजवतोय, बायको म्हणते कॅरम बरा होता.

मावशी, वाजतो! लांबचा पापुद्रा भद्द, काळ्या दगडाजवळचा खण्ण. खालच्या बाजूला साधारण हातभर खण्ण आहे आणि मग आवाज बसत जातो. आता मुद्द्याचं. वरच्या बाजूलाही खण्ण आहे, त्याहून जरा कमी जाडीचा, पण आहे. मुलाने दोन्हीकडे खडूने खुणा केल्यात. आणि काळा दगड मधे दाणेदार, भिंगातून दाणे दिसतात, पण खालच्या कडेला अगदी गुळगुळीत, दाणा दिसतच नाही. वरच्या कडेची कांडी तीच गायब झालेली.

दगडफोड्या

मग हा तुमचा लाव्हा नाही, सिल आहे. दोन्हीकडे भाजलंय म्हणजे तो येण्याआधी वरचा गाळ तिथे होता. खालची गुळगुळीत कड म्हणजे गार भिंतीला टेकल्यावर रस इतक्या झटकन गोठला की स्फटिक वाढायला वेळच मिळाला नाही. भिंत भाजली आणि भिंतीने रसाला गोठवलं, देणंघेणं दोन्हीकडून. वरची कड पण गुळगुळीत निघाली तर शंकाच नाही, ती कांडी शोधाच.

बाय द वे तुमचा पापुद्र्यांचा खडक बहुधा दोन उद्रेकांच्या मधे तळ्यात साचलेला गाळ आहे. वरळीच्याच अशा थरात बेडकांचे जीवाश्म सापडले होते, १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांचं वर्णन केलंय. तेव्हा न भाजलेले पापुद्रे फेकू नका, हळूच उलगडून बघा.

कुंदा_मावशी

मुलाला सांगा बेडूक सापडला तर आधी मला फोटो.

खडूस_काका

बिल्डरला फायदा की तोटा? सहा मीटर सिल म्हणजे पाया चांगला ना?

दगडफोड्या

काका, वरून मजबूत, पण खाली पुन्हा पापुद्रा आहे. पाइल (पायाचा खोल खांब) कुठे टेकवायची ते त्यांचा इंजिनीअर ठरवेल, मी धाग्यावर सल्ला देत नाही, नोकरी आहे.

चाळकरी | शनिवार, सकाळी ७.५०

कांडी सापडली. मीटररूमचं दार वाऱ्याने आपटतं म्हणून वॉचमनने टेकू लावली होती. एका टोकाला गुळगुळीत काळा, त्याला चिकटून बोटभर भाजलेला पापुद्रा, मधली रेघ ब्लेडने मारल्यासारखी सरळ. मुलगा म्हणतो शाळेत नेणार. वॉचमन म्हणतो आधी दुसरा दगड द्या.